रेपोबाहेर सुधारलेली प्रत परत आणताना

दिवाळी अंकाची ऑनलाइन आवृत्ती काढणारी पाच-सहा जणांची मंडळी डोळ्यांसमोर आणा. लेख, पानांची मांडणी, जाहिरातींच्या जागा, सगळं गिटच्या एका रेपोमध्ये ठेवलेलं. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंना गिट येत नाही आणि यायची गरजही नाही. ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, तेवढं पुरे. त्यांना लेखांचं फोल्डर झिप करून धाडलं. आठवड्याने ते तपासून परत आलं, नाव 'अंतिम-तपासलेले-२'. दरम्यान इकडे दोन लेखकांनी आपापले परिच्छेद बदलले, संपादकांनी एक शीर्षक फिरवलं, अंकाची किंमत वाढली. आता दोन्हीकडचं काम खरं आहे आणि दोन्ही हवं आहे.

कोडचीही हीच गत. ग्राहकाच्या सर्व्हरवर रात्री कुणीतरी थेट फाइल उघडून दोन ओळी बदलतं. बाहेरच्या डिझायनरला दिलेली प्रत महिन्याने परत येते. सहकारी पेनड्राइव्हवर फोल्डर घेऊन गावी जातो आणि नेट नसताना तिथे बरंच काम उरकून येतो. प्रतीत '.गिट' हे लपलेलं फोल्डर नसलं की ती रेपोला परकी. तिच्यात काय बदललं आणि कशावरून बदललं, याचा गिटला पत्ता नसतो.

अशा वेळी सर्रास जे केलं जातं ते आधी सांगतो, कारण तेच टाळायचं आहे. झिप उघडायची, फाइली चालू फोल्डरवर पेस्ट करायच्या, जुन्या फाइली बदलू का या प्रश्नाला हो म्हणायचं आणि कमिट करून मोकळं व्हायचं. गिट एक शब्द बोलत नाही. कॉन्फ्लिक्ट येत नाही, लाल अक्षरं दिसत नाहीत. आणि आठवडाभरात इकडे झालेलं काम गुपचूप पुसलं जातं, कारण झिपमध्ये ते नव्हतंच. गिटच्या लेखी तुम्ही स्वतः बसून ते सगळं पूर्ववत केलंत. इतिहासात ते काम शाबूत असतं, खरं आहे; पण ते हरवलंय हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि ते बहुधा अंक वाचकांपर्यंत पोचल्यावर येतं.

मूळ कुठलं?

दोन प्रती शेजारी ठेवून एकत्र करता येत नाहीत. एकीत किंमत ३०० रुपये, दुसरीत ३५०. नवी कुठली? एकीत शेवटचा परिच्छेद आहे, दुसरीत नाही. तो इकडे घातला की तिकडे काढला? कितीही टक लावून पाहिलं तरी उत्तर मिळत नाही. त्यासाठी तिसरी प्रत लागते, दोन्हींचं मूळ: बाहेरची प्रत निघाली तेव्हाची अवस्था. मुळात ३०० असतील तर ३५० हा बदल आहे आणि तोच ठेवायचा. मुळात परिच्छेद असेल तर तो कुणीतरी काढलाय, नसेल तर घातलाय. याला थ्री-वे मर्ज म्हणतात. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतला 'डिफ३' हा प्रोग्रॅम अशाच तीन प्रती एकमेकींशी ताडून पाहायचा. गिटमध्ये दोन ब्रँच मर्ज करताना त्यांचं सामाईक मूळ गिट स्वतः शोधतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. बाहेरून आलेल्या प्रतीचं मूळ मात्र आपणच दाखवावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या कामात डोकं लागतं ते एवढ्याच ठिकाणी.

शोधायचं कसं? "प्रत कधी घेतली होती?" असं विचारलं तर "मागच्या सोमवारी" असं उत्तर येतं, आणि त्या सोमवारी सहा कमिट झालेले असतात. त्यापेक्षा आपल्या पाठवलेल्या मेलमध्ये ती पहिली झिप शोधा. ती 'गिट अर्काइव्ह'ने केलेली असेल किंवा गिटहबवरून झिप म्हणून उतरवलेली असेल, तर तिच्या पोटात टिप्पणी म्हणून त्या कमिटचा पूर्ण हॅश लिहिलेला असतो. लिनक्स किंवा मॅकवर 'अनझिप -झेड' ही आज्ञा आणि फाइलचं नाव दिलं की तो दिसतो. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थात रोमन.) बाईंनी परत पाठवताना नव्याने केलेल्या झिपमध्ये हा हॅश नसतो, म्हणून मूळचीच हवी.

ती सापडली नाही तर परत आलेल्या फोल्डरातल्या फाइलींच्या तारखा बघा. 'गिट अर्काइव्ह' झिप करताना प्रत्येक फाइलवर कमिटची वेळ घालतो. त्यामुळे ज्या फाइलींना बाहेर हात लागला नाही, त्या सगळ्यांवर एकच तारीख आणि एकच वेळ दिसते, आणि ती मूळ कमिटची असते. टाइमझोनमुळे काही तास इकडे-तिकडे होतात, तेवढं धरून चाला. साधं फोल्डर कॉपी करून दिलं असेल तर हा उपाय चालत नाही.

मग फाइलींच्या आतूनच माग काढायचा. बाहेर न बदललेली, पण रेपोमध्ये वरचेवर बदलणारी एखादी फाइल निवडा. आपल्या उदाहरणात अनुक्रमणिकेचं पान किंवा मांडणीची सीएसएस फाइल. तिच्यावर 'गिट हॅश-ऑब्जेक्ट' चालवला की त्या नेमक्या मजकुराचा हॅश मिळतो. तो घेऊन 'गिट लॉग --ऑल --फाइंड-ऑब्जेक्ट=' या आज्ञेला द्या. हा मजकूर रेपोमध्ये कुठल्या कमिटला आला आणि कुठल्या कमिटला बदलला, दोन्ही समोर येतं. मूळ त्या दोघांच्या मधे. दोन-तीन फाइलींवर हे केलं की मधली जागा अरुंद होत जाते. वर्षभर कुणी न उघडलेल्या फाइलीचा इथे उपयोग नाही, ती सगळ्याच कमिटमध्ये सारखी असते. 'फाइंड-ऑब्जेक्ट' हा पर्याय २०१८ च्या जानेवारीतल्या गिट २.१६ पासून आहे, त्यामुळे आजच्या बहुतेक संगणकांवर तो असणारच.

हेही जमलं नाही तर अंगमेहनत, पण ती संगणकाने करायची. रेपोचा वेगळा क्लोन घ्या, बाहेरची प्रत त्यात ओतून एक तात्पुरता कमिट करा, आणि 'गिट रेव्ह-लिस्ट'मधून येणाऱ्या जुन्या कमिटपैकी एकेकाशी त्याची 'गिट डिफ --शॉर्टस्टॅट'ने तुलना करा. ज्याच्याशी सगळ्यात कमी ओळींचा फरक निघतो तो मुळाच्या सर्वात जवळचा. चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

आणि तरीही दोन कमिटमध्ये घुटमळायला झालं तर? जुना घ्या. जुना कमिट मूळ मानला तर मधले काही बदल दोन्ही बाजूंनी केल्यासारखे दिसतात. सारखेच असल्यामुळे गिट ते मुकाट्याने स्वीकारतो, फार तर दोन-चार कॉन्फ्लिक्ट जास्त येतात. खऱ्या मुळापेक्षा नवा कमिट मानला तर मात्र उलट होतं: बाहेरच्या प्रतीत नसलेले मधले बदल तिने काढून टाकलेत असं गिट समजतो आणि इमानेइतबारे तुमच्याकडूनही काढतो. पहिल्या चुकीत थोडा वेळ जातो, दुसरीत काम जातं, आणि तेही आवाज न करता.

बाजूला वेगळं फोल्डर

मूळ हाती आलं की चालू फोल्डरला हात न लावता शेजारी दुसरं फोल्डर मांडायचं. गिटमध्ये २०१५ पासून 'वर्कट्री' ही सोय आहे: 'गिट वर्कट्री ॲड -बी मुद्रितशोधन ../तपासणी' आणि पुढे मूळ कमिटचा हॅश. यामुळे त्या जुन्या कमिटपासून 'मुद्रितशोधन' नावाची ब्रँच निघते आणि 'तपासणी' या फोल्डरात त्या दिवशीचा रेपो जसाच्या तसा उभा राहतो. (ब्रँचचं नाव मात्र खरोखर देवनागरीत चालतं.)

आता बाहेरची प्रत या फोल्डरात आणायची. त्याआधी 'गिट आरएम -आर -क्यू .' देऊन आतल्या फाइली काढून टाका आणि मग बाहेरच्या ओता. नुसत्या वरून ओतल्या तर बाईंनी काढून टाकलेली फाइल तशीच राहते, कारण पेस्ट करण्याने भर पडते, वजाबाकी होत नाही. एक अपवाद. बाईंकडे फक्त 'लेख' हे उपफोल्डर गेलं असेल तर रिकामंही तेवढंच करायचं आणि भरायचंही तेवढंच. नाहीतर सीएसएसपासून चित्रांपर्यंत सगळं त्यांनी पुसलं, असा आळ गिट घेईल.

'आरसिंक' वापरणाऱ्यांना हे सगळं एका आज्ञेत जमतं, '--डिलीट' देऊन. पण त्याच आज्ञेत '--एक्स्क्लूड=.गिट' विसरलात तर पुसल्या जाणाऱ्या गोष्टींत '.गिट'ही येतं, आणि ते मुख्य फोल्डरात घडलं तर रेपोच जातो. आधी '-एन' देऊन काय पुसलं जाणार ते वाचा. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की आरसिंक ज्यांनी लिहिला त्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपर या प्रणालीचा आतला संवाद उलगडायचा प्रयत्न केला, त्यावरून लिनक्स कर्नलच्या मंडळींना मिळणारा बिटकीपरचा फुकट वापर थांबला, आणि त्या अडचणीतून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतला.

ओतून झालं की घाईने कमिट करू नका. आधी 'गिट ॲड --ऑल' द्या आणि 'गिट स्टेटस' वाचा. मॅकची '.डीएस_स्टोअर', विंडोजची 'थंब्स.डीबी', वर्डच्या तात्पुरत्या फाइली आणि 'कथा - कॉपी' असल्या जोडप्रती इथे दिसतात. त्या काढून टाका. उलट '.गिटइग्नोर'सारख्या ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली काढल्या गेल्यासारख्या दिसल्या, तर त्या बाईंनी काढल्या नाहीत. लपलेल्या असल्यामुळे कॉपी करताना राहून गेल्या. 'गिट चेकआउट हेड --' पुढे फाइलचं नाव देऊन परत आणा. लेखांच्या फाइलींना मराठी नावं दिली असतील तर स्टेटसमध्ये नावांऐवजी तिरप्या रेघा आणि आकड्यांची रांग दिसेल. घाबरायचं कारण नाही. 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केलं की नावं वाचता येतात.

न बदललेले बदल

मग 'गिट डिफ हेड --स्टॅट', आणि इथे छातीत धस्स होतं. बाईंनी दीडशे दुरुस्त्या केल्या म्हणून सांगितलं होतं आणि गिट म्हणतो प्रत्येक फाइलीतली प्रत्येक ओळ बदलली आहे. ओळीच्या शेवटी विंडोज दोन अदृश्य चिन्हं घालतं आणि लिनक्स-मॅक एक, त्याचा हा प्रताप. खात्री करायला डिफला '--इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल' द्या; ढीग एकदम खाली बसला तर निदान बरोबर. मग बाहेरच्या प्रतीवर 'डॉसटूयुनिक्स' चालवून ओळींचे शेवट रेपोसारखे करून घ्या. कायमचा बंदोबस्त म्हणून रेपोमध्ये '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइल ठेवून तिच्यात सगळ्या फाइलींसाठी 'टेक्स्ट=ऑटो' लिहा. हे साफ केल्याशिवाय मर्जला हात घालू नका, आणि वर सांगितलेली कमिट-कमिटशी तुलनाही त्यानंतरच करा, नाहीतर सगळेच कमिट सारखेच दूर दिसतील. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलींत मजकूर तोच असून केवळ परवानग्या बदललेल्या दिसतात; त्यासाठी 'कोअर.फाइलमोड' 'फॉल्स' करा आणि पुढे चला.

मराठी मजकुराचा गोंगाट याहून चिवट असतो. इंग्रजीत कोड लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांत तो सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. डिफमध्ये एक ओळ लाल दिसते, खाली तीच हिरवी, आणि दोन्ही वाचल्या तर काना-मात्रेचाही फरक नाही. 'दुसऱ्या' या शब्दाकडे बघा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: 'ऱ' हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात. एका कीबोर्डने पहिली तऱ्हा उमटते, दुसऱ्याने दुसरी. 'ॲ'चंही तसंच, २००८ पासून त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, पण अ वर चंद्र देऊन लिहिलेला 'अॅ' अजून भरपूर फिरतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात तर हे मिश्रण एकाच परिच्छेदात भेटतं.

यावर उपाय एकच: रेपोची एक पद्धत ठरवा आणि बाहेरची प्रत कमिट करण्याआधी छोट्या स्क्रिप्टने तिला त्या पद्धतीवर आणा. रेपोमध्येच भेसळ असेल तर ती साफ करायचा कमिट वेगळा ठेवा, आणि मर्जच्या आदल्या दिवशी नव्हे, नंतर करा. शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि साठवणीची दुरुस्ती एकाच कमिटमध्ये मिसळली की पुढे कुणालाच काही वाचता येत नाही.

विंडोजच्या नोटपॅडबद्दल दोन शब्द. जुन्या आवृत्त्यांत 'एएनएसआय' म्हणून फाइल साठवली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होत, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. 'यूटीएफ-८' निवडलं तर फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घातली जाई. पीएचपीच्या फाइलीत ती गेली की पान उघडताना भलतीच एरर येते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड न सांगता खुणेविना यूटीएफ-८ साठवतो. पण जुने संगणक अजून चालू आहेत, आणि घरून काम करणाऱ्यांकडे तेच असतात. डिफमध्ये प्रश्नचिन्हांची माळ दिसली तर ती फाइल मर्ज करू नका. पाठवणाऱ्याकडून नव्याने मागवा.

गोंगाट निवळला की मग खऱ्या दुरुस्त्या वाचा. गद्य मजकुराला साधा डिफ फारसा उपयोगी नाही. परिच्छेद म्हणजे एकच लांब ओळ असते, आणि तीत एक वेलांटी बदलली तरी आख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. 'गिट डिफ हेड --वर्ड-डिफ' दिलं की बदललेला शब्द तेवढा उठून दिसतो.

कमिट करताना '--ऑथर'मध्ये मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंचं नाव द्या. काम त्यांचं आहे, आणि वर्षभराने 'हा शब्द असा कुणी केला' असा प्रश्न पडला तर उत्तर तिथे हवं. संदेशात प्रत कुठल्या कमिटवरून निघाली, कधी परत आली आणि मूळ कसं ठरवलं हे लिहा. अंदाजाने ठरवलं असेल तर तसंही लिहा.

आता मर्ज

मुख्य फोल्डरात या, तिथलं अर्धवट काम कमिट करून घ्या आणि 'गिट मर्ज --नो-कमिट --नो-एफएफ मुद्रितशोधन' द्या. 'नो-कमिट'मुळे गिट सगळं मांडून ठेवतो पण शिक्का मारत नाही. बघून मग कमिट करता येतो. बिघडलंच तर 'गिट मर्ज --अबॉर्ट' आहे.

कॉन्फ्लिक्ट येतील. दोघांनी एकाच ओळीत बदल केला की येतात, आणि लागून असलेल्या दोन ओळींत केला तरी येतात. ते सोडवण्याआधी 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' हे सेटिंग 'झेडडिफ३' करा (गिट २.३५ पासून, त्याआधी 'डिफ३'). एरवी गिट फक्त आपली आणि परकी बाजू दाखवतो. या सेटिंगनंतर दोघांच्या मधे मूळ मजकूरही येतो, आणि मूळ पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही हे आपण वर पाहिलंच. लेखकाने वाक्य नव्याने लिहिलं आणि बाईंनी जुन्या वाक्यातला 'आणी' हा शब्द 'आणि' केला, असा कॉन्फ्लिक्ट असेल तर लेखकाचं वाक्य घ्या आणि त्यात तीच चूक उरली आहे का ते बघा. लेखकाने जाणूनबुजून बोलीतला शब्द ठेवला आणि बाईंनी तो प्रमाण केला, तर तो प्रश्न गिटचाही नाही आणि तुमचाही नाही. संपादकांना फोन लावा.

कंटाळा येऊन '-एक्स देअर्स' देण्याचा मोह होतो: जिथे भांडण तिथे परक्याचं खरं. एखाद्या फाइलीपुरतं ते समजून-उमजून ठीक, सरसकट नको. त्यात तुमच्या लेखकांची नवी वाक्यं न वाचताच गळतात.

मला जास्त भीती वाटते ती बिनबोभाट पार पडलेल्या मर्जची. संपादकांनी लेखाच्या फाइलीत शीर्षक बदललं. बाईंनी अनुक्रमणिकेच्या फाइलीत त्याच लेखाच्या जुन्या शीर्षकातली वेलांटी सुधारली. दोन फाइली वेगळ्या, ओळी वेगळ्या, गिटला काहीच वावगं दिसत नाही. अंकात मात्र अनुक्रमणिका एक सांगते आणि लेख दुसरं. कोडमध्ये हेच फंक्शनच्या नावाचं होतं: इकडे नाव बदललं, बाहेरच्या प्रतीत जुन्या नावाने नवी हाक घातली, आणि मर्ज शांतपणे झाला. गिट ओळी जुळवतो, अर्थ जुळवत नाही. टेस्ट असतील तर चालवा, नसतील तर साइट उघडून पानं फिरा.

पडताळणीची एक सोपी रीत आहे. मूळ कमिट आणि 'मुद्रितशोधन' ब्रँच यांच्यातला डिफ एका फाइलीत घ्या. मर्जच्या आधीची आणि नंतरची मुख्य ब्रँच यांच्यातला डिफ दुसऱ्या फाइलीत. पहिला म्हणजे बाईंनी केलेलं काम, दुसरा म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलेलं काम. ओळींचे क्रमांक आणि आजूबाजूचा मजकूर सोडला तर दोन्ही सारखे दिसायला हवेत. जिथे वेगळे आहेत तिथे एकतर तुम्ही कॉन्फ्लिक्ट सोडवलाय किंवा काहीतरी निसटलंय.

एकदोनच फाइली असतील तर एवढा खटाटोप नको. 'गिट शो'ने मूळ कमिटमधली ती फाइल वेगळ्या नावाने काढा आणि 'गिट मर्ज-फाइल'ला तीन नावं याच क्रमाने द्या: आपली, मूळ, बाहेरची. निकाल आपल्या फाइलीत लिहिला जातो, कॉन्फ्लिक्टच्या खुणांसकट. वर्डच्या फाइली मात्र यातल्या कशानेही मर्ज होत नाहीत. त्या आधी साध्या मजकुरात आणा.

सर्व्हरवर थेट बदल झाला असेल तेव्हा

इथे मूळ शोधणं सोपं, काम सांभाळणं अवघड. सर्व्हरवर शेवटचा चढवलेला कमिट बहुधा माहीत असतो किंवा त्याला टॅग असतो. पण पुष्कळ ठिकाणी सर्व्हरवरच रेपो असतो आणि 'गिट पुल' करून नवं कोड आणलं जातं. तिथे कुणी हाताने फाइल बदलली असेल आणि नव्या कोडमध्येही तीच फाइल बदललेली असेल, तर पुल अडतो, आणि घाईतला माणूस 'गिट रीसेट --हार्ड' मारतो. पुल होतो. रात्री केलेली तातडीची दुरुस्ती जाते, आणि ती कधीच कमिट किंवा ॲड झालेली नसल्यामुळे रीफ्लॉगमध्येही सापडत नाही. त्याऐवजी आधी 'गिट डिफ' एका फाइलीत घेऊन ती आपल्या संगणकावर उतरवा, आणि तिथे मूळ कमिटवर ब्रँच काढून 'गिट अप्लाय'ने लावा. पुढचा मर्ज वरच्यासारखाच. सर्व्हरच्या प्रतीत डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल हमखास असते. ती कमिटमध्ये शिरून पुश झाली असेल तर नंतर फाइल काढून भागत नाही, इतिहासात ती राहते. पासवर्डच बदला.

पुन्हा पुन्हा येणारी प्रत

मर्ज झाल्यावर 'तपासणी' फोल्डर काढून टाकायला हरकत नाही, 'मुद्रितशोधन' ब्रँच मात्र ठेवा. बाई आणखी काही दिवसांनी पुढची फेरी पाठवणार आहेतच. ही कल्पना गिटपेक्षा जुनी आहे. सीव्हीएसमध्ये बाहेरून येणाऱ्या कोडसाठी 'व्हेंडर ब्रँच' ही सोयच होती, आणि सबव्हर्जनच्या पुस्तकातही तिच्यावर स्वतंत्र भाग आहे: बाहेरून जे येईल ते फक्त त्या ब्रँचवर ठेवायचं, तिच्यात आपलं काही मिसळायचं नाही, आणि दरवेळी तिथून आपल्याकडे मर्ज करायचं.

दुसऱ्या फेरीत मूळ नव्याने शोधावं लागत नाही, पण एक प्रश्न विचारावा लागतो: बाईंनी काम कुठल्या प्रतीवर केलं? स्वतःच्या जुन्याच प्रतीवर पुढे चालवलं असेल तर नवी झिप थेट 'मुद्रितशोधन' ब्रँचच्या टोकावर ओता आणि मर्ज करा. मागचा मर्ज नोंदलेला असल्यामुळे गिट आता फक्त दुसऱ्या फेरीचे बदल आणतो. तुम्ही मधे त्यांना एकत्र केलेली ताजी प्रत पाठवली असेल आणि त्यांनी तिच्यावर काम केलं असेल, तर आधी 'मुद्रितशोधन' ब्रँच पाठवलेल्या कमिटपर्यंत फास्ट-फॉरवर्ड करून आणा आणि मग ओता. पहिली फेरी पॅच लावून किंवा हाताने चिकटवून उरकली असेल तर गिटकडे मर्जची नोंदच नसते, आणि सोडवलेले कॉन्फ्लिक्ट दुसऱ्यांदा भेटतात.

आणि प्रत बाहेर पाठवतानाच दोन मिनिटं खर्च करा. फोल्डरावर उजवी टिचकी मारून झिप करण्याऐवजी 'गिट अर्काइव्ह'ने करा, म्हणजे हॅश आत जातो. त्या कमिटला 'शोधनासाठी-फेरी-१' असा टॅग लावा आणि झिपच्या नावातही तेच घाला. लेखांच्या फाइलींत दर वाक्य नव्या ओळीवर लिहायची सवय लावली तर वेबपानावर परिच्छेद तसाच दिसतो आणि कॉन्फ्लिक्ट वाक्यापुरते राहतात. बाईंना सांगायचं ते एवढंच: फाइलींची नावं बदलू नका, साठवताना यूटीएफ-८ ठेवा, आणि परत पाठवताना आख्खं फोल्डर पाठवा, बदललेल्या दोनच फाइली नकोत.